मला डेंग्यू झाला आणि आमची मंडळी बंद पडली

नमस्कार मंडळी! हा या एपिसोडचा लिहिलेला भाग. प्रवासात रेंज जात असेल किंवा हेडफोन घरी राहिला असेल, तर वाचून काढा. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे कापलेत, निम्मे राहिले असतील.

आज ‘नमस्कार मंडळी’ म्हणताना मला जरा हसू आलं, कारण आजचा विषयच मंडळी आहे. जे श्रोते ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात चर्च म्हणजे बहुतेक वेळा इमारत, आणि त्या इमारतीत जमणारी माणसं म्हणजे मंडळी. इमारत नसली तरी मंडळी असू शकते. उलटंही होतं, इमारत भक्कम उभी असते आणि आत चार म्हातारी माणसं. आज प्रश्न असा, की नवी मंडळी सुरू करणाऱ्या आणि वाढवणाऱ्या माणसांकडे नक्की काय असावं लागतं? म्हणजे पैसा, हॉल, माईक नाही. कुठली मूल्यं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो तापात.

चार वर्षांपूर्वी हिंजवडीच्या बाजूला आम्ही पाच जण माझ्या फ्लॅटवर रविवारी संध्याकाळी प्रार्थनेला बसायला लागलो. पाचाचे हळूहळू बावीस-तेवीस झाले. त्यात दोन नर्स आहेत, एक गाडी चालवणारे काका, कॉलेजची मुलं, आणि आम्ही आयटीवाले. छान चाललं होतं. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खाली गेल्या, आठवडाभर ॲडमिट होतो आणि नंतर घरीच पडून. त्या काळात तीन रविवार आमची मंडळी भरलीच नाही. कुणी भांडलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं. फ्लॅट माझा होता. प्रोजेक्टर माझा, गाण्यांचे शब्द माझ्या लॅपटॉपवर, संदेश कोण देणार याचा तक्ता माझ्या शीटमध्ये. सगळ्यांनी ‘लवकर बरा हो’ असे मेसेज पाठवले आणि वाट बघितली.

आमच्या धंद्यात याला ‘बस फॅक्टर’ म्हणतात. टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट थांबेल, तो आकडा. तो एक असेल तर मॅनेजरला झोप लागत नाही. आमच्या मंडळीचा बस फॅक्टर एक होता आणि मी चार वर्षं त्यालाच ‘सेवा’ म्हणत होतो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. परदेशात असलेल्या एका ओळखीच्या माणसाने फोन केला. भला माणूस आहे, मनापासून बोलत होता. म्हणाला, दोन वर्षांचं हॉलचं भाडं मी देतो, आणि तुमच्यातल्या दादाने नोकरी सोडून पूर्ण वेळ मंडळीचं काम करावं, त्याचा पगारही मी देतो. दादा म्हणजे आमच्यातला वयाने मोठा. तो एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. मी तर लगेच एक्सेल उघडलं. हॉल, खुर्च्या, साऊंड, सगळं मांडलं. दादाने ते बघितलं आणि एवढंच म्हणाला, “एक महिना थांबू या का?”

त्या महिन्यात मी अंथरुणावर पडल्या पडल्या वाचत होतो. त्या वाचनात कोरियाच्या चर्चचा इतिहास सापडला आणि त्यात एक सफरचंदवाला भेटला.

त्याचं नाव जॉन लिव्हिंग्स्टन नेव्हियस. जन्म १८२९, न्यूयॉर्क राज्यातला. १८५४ मध्ये मिशनरी म्हणून चीनला गेला आणि पुढे शानदोंग प्रांतात यान्ताई या बंदराजवळ राहिला. तिथे त्याने अमेरिकेतून आणलेल्या सफरचंदांची आणि नासपतींची बाग केली आणि रोपं-कलमं आजूबाजूच्या शेतकऱ्यांना दिली. यान्ताईचं सफरचंद आज चीनभर प्रसिद्ध आहे, आणि त्याची गोष्ट सांगताना नेव्हियसचं नाव निघतंच. कलम कसं करायचं हे शेतकऱ्याला शिकवलं की पुढची बाग त्याची असते. हे मंडळीबद्दलही खरं आहे का, असं नेव्हियसला वाटलं की नाही ते माहीत नाही, पण मला वाटलं.

त्या काळी मिशनची ठरलेली पद्धत अशी होती. गावात एखादा हुशार, उत्साही माणूस विश्वासात आला, की त्याला पगारावर ठेवायचं. तो मग गावोगाव जाऊन प्रचार करणार. मिशन इमारत बांधून देणार, शिक्षकाचा पगार देणार. सुरुवातीला नेव्हियसही या पद्धतीतून गेला. मग त्याला तिच्यातल्या अडचणी दिसायला लागल्या, आणि १८८५-८६ मध्ये त्याने ‘चायनीज रेकॉर्डर’ या मासिकात लेखमाला लिहून त्या एकेक करून मांडल्या.

त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं. ज्या माणसाला तुम्ही पगार देऊन उचललात, तो कालपर्यंत आपल्या गावात, आपल्या शेतावर, आपल्या शेजाऱ्यांत होता. लोक त्याचं ऐकत होते, कारण त्याला त्यातून काही मिळत नव्हतं. आज त्याला पगार मिळतो म्हटल्यावर शेजारी म्हणणार, याचं पोटच त्यावर आहे, हा बोलणारच. दुसरं, ज्यांना पगार नाही ते फुकट काम करणारे हळूहळू थंड पडतात. त्याला पैसे मिळतात ना, मग तोच करेल! तिसरं, खरा विश्वासू कोण आणि नोकरीसाठी आलेला कोण, हे ओळखणं अवघड होतं. आणि ज्या छोट्या मंडळीतून तुम्ही तो चांगला माणूस काढलात, ती तर तिथेच लंगडी होते.

हे वाचताना मला आमचा दादा दिसत होता. वर्कशॉपमधली पोरं त्याला दुपारच्या सुट्टीत घरचे प्रॉब्लेम सांगतात. का? तर तो त्यांच्याच शेजारी डबा खातो म्हणून. मी एक्सेलमध्ये त्याचा पगार टाकला होता, हा डबा टाकला नव्हता.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या नगरकडे जातं. मंडळी स्वतःच्या पायावर उभी असावी हा विचार नेव्हियसच्याही आधीचा. स्वतःचा खर्च स्वतः, स्वतःचा कारभार स्वतः, आणि प्रचारही स्वतःच. लंडनमध्ये हेन्री व्हेन आणि बॉस्टनमध्ये रूफस अँडरसन हे दोन सेक्रेटरी साधारण एकाच काळात ही गोष्ट सांगत होते. अँडरसन ज्या अमेरिकन बोर्डाचा सेक्रेटरी होता, त्याच बोर्डाची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली होती आणि १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू झालं होतं. म्हणजे आमचं अमेरिकन मराठी मिशन. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः इकडे आला, आणि त्याचा रोख स्पष्ट होता. इंग्रजी शाळांवरचा जोर कमी करा, खेड्यापाड्यांत लहान लहान मंडळ्या करा आणि त्यांना त्यांच्यातलाच पाळक द्या. शाळा कमी करण्यावरून तेव्हाही वाद झाला आणि मला स्वतःलाही ते पटत नाही. माझ्या आजीचं सगळं आयुष्य मिशनच्या शाळेनेच बदललं. पण पाळक त्यांच्यातलाच असावा, हे त्याने आपल्या मातीत येऊन सांगितलं होतं.

आता आजीचं ऐका. ती नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, गावाचं नाव घेत नाही. ती सांगते, गावातलं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, मिशनने बांधलेलं. दगडी, देखणं. एका पावसाळ्यात छपराचे पत्रे उडाले. गावात सुतार होता, गवंडी होता, दोन घरी बैलगाड्या होत्या. पण सगळे म्हणाले, वर कळवलंय. वर म्हणजे मिशनला. उत्तर यायला दोन पावसाळे गेले. माणसं आळशी नव्हती हो. त्याच लोकांनी गावच्या विहिरीचा गाळ दर उन्हाळ्यात लोकवर्गणीने आणि अंगमेहनतीने काढला. विहीर त्यांची होती. देऊळ मिशनचं होतं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीये, आणि दरवेळी हसलोय. या वेळी हसू आलं नाही.

बरं, आता कोरिया. होरेस अंडरवुड हा तरुण मिशनरी १८८५ च्या एप्रिलमध्ये तिथे पोचला. वय पंचविशीत, म्हणजे आपल्याएवढाच. त्याच्यासारखे आणखी काही जण आले. पाटी कोरी होती आणि अनुभव शून्य. त्यांनी नेव्हियसचे लेख वाचले आणि त्याला बोलावलं. १८९० च्या जूनमध्ये नेव्हियस सोलला आला, दोन आठवडे राहिला. समोर सात तरुण मिशनरी. बस, एवढंच. ना कॉन्फरन्स हॉल, ना स्लाइड. तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, नेव्हियस यान्ताईला वारला. कोरियात पुढे काय झालं ते त्याने पाहिलंच नाही.

त्या दोन आठवड्यांतून अंडरवुडने जे घेतलं ते थोडक्यात असं. प्रत्येकाने ज्या धंद्यात तो होता त्याच धंद्यात राहावं, स्वतःचं पोट स्वतः भरावं आणि शेजाऱ्यांत साक्ष द्यावी. मंडळीची व्यवस्था तेवढीच उभारावी जेवढी तिथल्या लोकांना स्वतः चालवता येईल. ज्यांना पूर्ण वेळ द्यायचा त्यांना मंडळीनेच निवडावं आणि मंडळीनेच पोसावं. आणि देवळं लोकांनी स्वतः बांधावीत, आपल्याकडच्या घरांसारखी, आपल्याला परवडतील तशी.

वाचायला सोपं वाटतं. पण यातला प्रत्येक मुद्दा पाळायचा तर मिशनऱ्याला काहीतरी सोडावं लागतं. लवकर निकाल दाखवायची घाई सोडावी लागते, घरी पाठवायच्या रिपोर्टमधला सुंदर इमारतीचा फोटो सोडावा लागतो. मुख्य म्हणजे आपल्यावाचून यांचं अडतं, ही सुखाची भावना सोडावी लागते. नेव्हियसची पद्धत म्हणून लोक पैशाबद्दल बोलतात, पण मला त्यातला खरा महाग भाग हाच वाटतो. पगार न देणं सोपं आहे, कंजूसही ते करतो. आपण गरजेचे न राहणं अवघड आहे.

आणि कोरियात एक गोष्ट आधीच घडलेली होती, ती विसरून चालणार नाही. सो सांग-ऱ्युन नावाचा एक जिनसेंगचा व्यापारी मांचुरियात आजारी पडला, मिशनच्या डॉक्टरांमुळे वाचला, आणि तिथे जॉन रॉस या स्कॉटिश मिशनऱ्याच्या भाषांतराच्या कामात सामील झाला. रॉस आणि त्याचे कोरियन सहकारी मिळून नवा करार कोरियनमध्ये आणत होते, आणि तोही हांगुल लिपीत. शिकलेले लोक तेव्हा चिनी अक्षरं वापरायचे आणि हांगुलला बायकापोरांची लिपी म्हणून नाक मुरडायचे. तीच लिपी निवडली म्हणून स्वयंपाकघरातली बाईसुद्धा स्वतः वाचू शकली. संपूर्ण नवा करार १८८७ मध्ये छापून झाला. सो पुस्तकं घेऊन सोरे या गावी आला, तिथे माणसं जमायला लागली. म्हणजे मिशनरी पोचायच्या आधी मंडळी होती! १८९५ मध्ये त्या गावाने आपलं देऊळ स्वतःच्या खर्चाने उभं केलं. आजीच्या गावचे पत्रे आठवा.

मग पुढचा प्रश्न. पगारी माणसं नाहीत, तर लोकांना शिकवायचं कुणी? इथे कोरियाची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, बायबल वर्ग. हिवाळ्यात शेतीची कामं कमी असतात. तेव्हा आठ-दहा दिवसांचे, कधी त्याहून मोठे वर्ग भरायचे. लोक मैलोन्‌मैल चालत यायचे, पाठीवर स्वतःचा तांदूळ बांधून. राहण्या-खाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. परत गेल्यावर आपल्या गावात तेच शिकवायचं. चार्ल्स ॲलन क्लार्क या मिशनऱ्याने नंतर या सगळ्या पद्धतीवर पुस्तकच लिहिलं, आणि त्याचा भर असा, की स्वावलंबन वगैरे ठीक, पण खरं इंजिन हे अभ्यासवर्ग होते. मला हे पटतं. नुसतं ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ म्हणणं म्हणजे नव्या डेव्हलपरला डॉक्युमेंटेशन न देता प्रोडक्शनवर सोडणं. त्याला आधी शिकवा, मग हात काढा.

पैसे कमी असलेल्या लोकांनी द्यायचं काय, याचंही उत्तर त्यांनीच काढलं. १९०४ च्या सुमारास उत्तरेकडे ‘दिवसांचं अर्पण’ सुरू झालं. थैलीत नाणं टाकायला नसेल तर वर्षातले दहा दिवस, पंधरा दिवस द्यायचे. त्या दिवसांत स्वखर्चाने जवळच्या गावी जायचं, लोकांशी बोलायचं, आजाऱ्यांना भेटायचं. बायकांनी तांदळाचं अर्पण सुरू केलं. रोज शिजवायला घेतलेल्या तांदळातून थोडा बाजूला. हे वाचल्यावर मला मिझोराम आठवलं. तिथेही १९१० पासून घरोघरी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळा काढायची रीत आहे, आणि त्यावर तिथल्या मंडळ्यांनी मोठमोठी कामं केली. आपल्याकडे मूठभर धान्य बाजूला काढणं काही नवं नाही. फक्त ते मंडळीचं बजेट होऊ शकतं, असं आपल्याला सुचत नाही, कारण बजेट म्हटलं की आपण एक्सेल उघडतो. आपण म्हणजे मी.

आता ज्या गोष्टीने मला रात्री झोप लागली नाही ती सांगतो.

दक्षिण कोरियात गिमजे इथे गुमसान नावाचं एक जुनं चर्च आहे. १९०८ मधली इमारत अजून उभी आहे. आकार काटकोनी, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, कोपऱ्यात व्यासपीठ. ही मंडळी जमली ती जो दोक-साम नावाच्या श्रीमंत जमीनदाराच्या आधाराने. त्याच्याकडे घोडे सांभाळायला एक गडी होता, यी जा-इक. अनाथ, दुसऱ्या प्रांतातून पोटासाठी आलेला. दोघंही एकाच मंडळीत. काही वर्षांनी मंडळीचा वडील निवडायची वेळ आली. वडील म्हणजे कारभार बघणारा, मतदानाने निवडलेला माणूस. जमीनदार उभा, गडी उभा. लोकांनी गड्याला निवडलं.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. मालक आणि गडी एका पंगतीत बसत नाहीत तो काळ. आपल्या गावात असं झालं असतं तर काय झालं असतं, हे मी सांगायला नको. जो दोक-सामने निकाल मान्य केला. आठवडाभर गडी त्याच्या घरी काम करायचा, आणि रविवारी तो गड्याचा उपदेश खाली बसून ऐकायचा. इतकंच नाही, त्याला पाळक होण्यासाठी सेमिनरीत पाठवलं, त्याचा खर्च उचलला. यी जा-इक पुढे पाळक झाला आणि १९२४ मध्ये कोरियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेचा अध्यक्ष. पुढे आणखी दोनदा. जमीनदारही नंतर वडील झाला.

नेतृत्वाची मूल्यं म्हटलं की आपण यी जा-इककडे बघतो, गरिबीतून वर आलेला वगैरे. मी जो दोक-सामकडे बघत होतो. फ्लॅट त्याचा होता. प्रोजेक्टर त्याचा होता.

बाकीचा इतिहास भरभर सांगतो. १९०७ मध्ये प्योंगयांगच्या एका बायबल वर्गातून मोठी जागृती झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिल्या सात कोरियन पाळकांची दीक्षा झाली. त्यातला एक, यी गि-पुंग. हा तरुणपणी रस्त्यावर मिशनऱ्याला दगड मारणारा म्हणून ओळखला जायचा. त्याला लगेच जेजू बेटावर मिशनरी म्हणून पाठवलं. सात जणच आहेत, पंचवीस होऊ देत, मग पाठवू, असं कुणी म्हणालं नाही. १९१२ मध्ये महासभा स्थापन झाली आणि तिने ठरवलं की परदेशात माणसं पाठवायची. १९१३ मध्ये तीन कोरियन पाळक गेले. कुठे? चीनला, शानदोंग प्रांतात. नेव्हियसच्या प्रांतात.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे फॉर्म्युला मिळाला. नाही. माझ्यातला इंजिनिअर इथे हात वर करतो. तीच पद्धत नेव्हियसने आधी शानदोंगमध्ये वापरली होती, आणि तिथे कोरियासारखं काही झालं नाही. त्याचाच सहकारी कॅल्विन मटीअर याने नंतर त्या पद्धतीवर लेखी टीका केली. कोरियाची परिस्थिती वेगळी होती. तिथे राज्य जपानने गिळलं, त्यामुळे ख्रिस्ती असणं म्हणजे राज्यकर्त्यांचा धर्म घेणं असं लोकांना वाटलं नाही. भारतात नेमकं उलटं होतं. म्हणून कोरियाची कॉपी-पेस्ट पुण्यात चालेल असं मी म्हणत नाही.

आणि ही मूल्यं एकदा मिळवली की कायमची राहतात, असंही नाही. सोलमध्ये म्युंगसंग नावाचं फार मोठं प्रेस्बिटेरियन चर्च आहे. मोठ्या चर्चमध्ये बापानंतर मुलगा पाळक होतो म्हणून त्यांच्या संप्रदायाने २०१३ मध्ये त्याविरुद्ध नियम केला. तरीही २०१७ मध्ये म्युंगसंगमध्ये संस्थापकाची खुर्ची मुलाकडे गेली. खूप वाद झाला, निर्णय इकडून तिकडे फिरले, आणि २०१९ मध्ये महासभेने तडजोड करून वाट काढून दिली. बाहेरच्या कुणाचा एक पैसा नाही, सगळं स्वतःच्या पायावर. पण ‘आपलं’ आणि ‘माझं’ यातला फरक पैशाने ठरत नाही. गुमसानचा जमीनदार आणि हे चर्च एकाच देशातले, साधारण शंभर वर्षांच्या अंतरातले.

आपल्याकडचं एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. नारायण वामन टिळक. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्यांना घेऊन एक मराठी वळणाचा बंधुसंघ, असं त्यांचं स्वप्न. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये ते गेले आणि ते काम तिथेच राहिलं. पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास बांधलेला पगार सोडायचा, घरी लक्ष्मीबाई! टिळकांना आपण कवी म्हणून डोक्यावर घेतो. नवी मंडळी कशी असावी यावर त्यांनी पदरमोड करून केलेला हा प्रयोग आमच्या संडे स्कूलमध्ये मला कुणी शिकवला नव्हता.

तर आमचं काय झालं?

महिन्यानंतर आम्ही सगळे बसलो. मी हे सगळं सांगितलं, जरा लांबलंच. दादा म्हणाला, पगार नको, वर्कशॉप मी सोडणार नाही. हॉलवरून मात्र वाद झाला. एका नर्सताईचं म्हणणं, मदत घेतली तर बिघडलं काय, पहिल्या शतकातल्या मंडळ्याही दुष्काळात एकमेकांना पैसे पाठवत होत्याच. तिचा मुद्दा बरोबर आहे. संकटातली मदत वेगळी आणि रोजचं भाडं वेगळं, असं आम्ही शेवटी धरलं. पण ही रेघ कुठे ओढायची, यावर आमचं अजून पूर्ण एकमत नाही.

परदेशातल्या त्या मित्राला मी मेल केली. त्याचं उत्तर आलं, थोडं दुखावलेलं. वाईट वाटलं, कारण त्याची भावना खरी होती.

आता आम्ही रविवारी एका ट्यूशन क्लासची खोली भाड्याने घेतो. भाडं वर्गणीतून. बाकं लहान मुलांची आहेत, गुडघे अडकतात. प्रोजेक्टर घरी ठेवला, ज्याने त्याने आपलं ‘उपासना संगीत’ आणायचं. खोलीची किल्ली गाडी चालवणाऱ्या काकांकडे असते. तक्त्यातून मी तीन महिने माझं नाव काढलं. पहिल्या रविवारी काकांनी उपासना चालवली. वाचताना अडखळत होते, एक गाणं इतक्या वरच्या पट्टीत धरलं की दुसऱ्या कडव्याला सगळे गप्प. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसलो, अक्षरशः.

डिसेंबरमध्ये एका रविवारी मी ऑन-कॉल होतो, सर्व्हर पडला होता, जाता आलं नाही. रात्री ग्रुपवर फोटो आला. छोट्या बाकांवर एकोणीस माणसं, त्यात दोन चेहरे मला अनोळखी. दिवसभरात मला कुणाचा एक मेसेज नाही, की हे कुठे आहे, ते कसं करायचं. खरं सांगू? आधी थोडं लागलंच.

या महिन्यात भाड्यात सहाशे रुपये कमी पडलेत. काकांनी रविवारी विषय काढायचं ठरवलंय.